खाडीतील अदृश्य पीक : वनस्पती प्लवकांची वाढ आणि तिच्या मर्यादा

अँटॉप हिलला राहणाऱ्या माणसाच्या दोन्ही अंगांना खाडी आहे, ही गोष्ट सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. पूर्वेकडे वडाळ्याच्या मिठागरांची जमीन ओलांडली, की तिवरांचा पट्टा लागतो आणि त्यापुढे शिवडी-माहुलचा विस्तीर्ण चिखल. ही ठाण्याची खाडी. वायव्येकडे शीव-धारावी मागे टाकली, की मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी जेमतेम १८ किलोमीटर लांबीची. परंतु २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर तिचे नाव साऱ्या मुंबईच्या तोंडी झाले.

या खाड्यांविषयी आपल्या वस्त्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की सांडपाण्याने खाडी मेली. आता तिच्यात काही जगत नाही. दुसरे मत असे, की हजारो रोहित पक्षी दर हिवाळ्यात शिवडीला उतरतात, त्या अर्थी खाडी निरोगीच असली पाहिजे. दोन्ही मते प्रामाणिक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून ती बनलेली आहेत. खरे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पिकाकडे आहे. त्या पिकाची ओळख करून देणे आणि ते कशामुळे वाढते, कशामुळे थांबते, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

वनस्पती प्लवक म्हणजे काय?

पाण्यात तरंगत राहणारे आणि प्रवाह नेईल तिकडे जाणारे जे सूक्ष्म जीव, त्यांना प्लवक म्हणतात. त्यांपैकी ज्यांच्या अंगी हरितद्रव्य असते व जे सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात, ते वनस्पती प्लवक. बहुतेक एकपेशीय असतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत असतो. खाडीच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात सर्वांत आधी नजरेत भरतात ते डायाटम. त्यांच्या पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचे, नक्षीदार कवच असते. त्याचे दोन भाग डबी आणि झाकण यांसारखे एकमेकांत बसतात. म्हणूनच मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे समर्पक नाव मिळाले. मुंबईच्या खाड्यांत स्केलेटोनेमा, कॉसिनोडिस्कस, निट्झशिया, थॅलॅसिओसिरा हे डायाटम आढळतात. स्केलेटोनेमाच्या पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन माळेसारख्या दिसतात.

जीव लहान, पण काम मोठे. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रातील वनस्पती प्लवक करतात. खाडीत त्यांच्यावर कोपेपॉडसारखे प्राणी प्लवक जगतात; त्यांवर जवळा आणि माशांची पिल्ले; त्यांवर मोठे मासे आणि शेवटी कोळीवाड्यातील चूल. बोय मासा तर चिखलावरचे डायाटम थेट खरवडून खातो. शेतात पीक नसेल तर गोठा, खळे आणि घर तिन्ही ओस पडतात. खाडीतही नेमके तेच घडते.

हे पीक वाढते पेशी दुभंगून. एकाची दोन, दोहोंची चार. अनुकूल परिस्थितीत अनेक डायाटम दिवसातून एकदा, कधी त्याहूनही अधिक वेळा दुभंगतात. दिवसाला एक वेळ हा हिशोब धरला, तरी एका पेशीपासून दहा दिवसांत १,०२४ आणि वीस दिवसांत दहा लाखांहून अधिक पेशी होतील. मग एका महिन्यात खाडीची हिरवी पेज का होत नाही? कारण कोणती ना कोणती गोष्ट ही वाढ अडवीत असते. अशा गोष्टीला मर्यादाकारक घटक असे म्हणतात.

किमानाचा नियम

हा विचार मूळचा शेतीशास्त्रातला. जर्मनीतील कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास तो मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० नंतर तो जगभर पोहोचविला. पिकाची वाढ त्याला मिळणाऱ्या सर्व द्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही. गरजेच्या मानाने जे द्रव्य सर्वांत कमी आहे त्यावर ती ठरते, असा हा नियम आहे.

वसतिगृहात राहिलेल्या वाचकांना हे सहज पटेल. खिचडीसाठी दोन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ लागते असे समजा. भांडारात तांदळाचे पन्नास किलोचे पोते आहे आणि डाळ दोनच किलो आहे. खिचडी किती तांदळाची होईल? चार किलो तांदळाची. आणखी एक पोते तांदूळ आणून ठेवला, तरी खिचडी मूठभरसुद्धा वाढणार नाही. एक किलो डाळ आणली, तर लगेच वाढेल. आणि डाळ-तांदूळ दोन्ही भरपूर असून चुलीला जळणच नसेल, तर डाळीचा हिशोब करण्यात अर्थ नाही. खाडीकडे पाहताना हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. पेशी किती वेगाने दुभंगतात ही एक गोष्ट. पाण्यात एका वेळी किती पेशी साठलेल्या दिसतात ही दुसरी. पेशी वेगाने वाढत असतील, पण तितक्याच वेगाने कोणी त्या खात असेल किंवा ओहोटी त्या वाहून नेत असेल, तर पाणी स्वच्छच दिसेल. म्हणून मर्यादा दोन प्रकारच्या असतात : वाढ रोखणाऱ्या आणि साठा घटविणाऱ्या. प्रकाश आणि पोषकद्रव्ये पहिल्या प्रकारात येतात; प्रवाह आणि भक्षक दुसऱ्या प्रकारात.

पहिली मर्यादा : प्रकाश

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे भरती-ओहोटीच्या ओढीने एकमेकांत मिसळते, ते नदीमुख किंवा खाडी. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. बंदराकडे ती रुंद व खोल, तर ठाण्याच्या बाजूस अरुंद व उथळ होत जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक साडेतीन मीटरांहूनही अधिक होतो. अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा हा फरक दीड मीटरच्या आसपास येतो.

एवढे पाणी दर सहा तासांनी आत-बाहेर करते, तेव्हा उथळ तळाचा बारीक गाळ सतत ढवळला जातो. खाडीचा करडा-तपकिरी रंग बव्हंशी या गाळाचा असतो. त्याला घाण समजणे ही चूक आहे. मात्र गाळ एक काम निश्चित करतो : तो प्रकाश अडवितो.

पाण्यात प्रकाश किती खोल जातो हे मोजण्याचे एक साधे साधन आहे. इटलीतील पाद्री व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते याची नोंद घेतली. सेकी तबकडी या नावाने ती आजही जगभर वापरली जाते. ढोबळमानाने, तबकडी जेथे दिसेनाशी होते त्याच्या दोन ते तीन पट खोलीपर्यंत पृष्ठभागावरील प्रकाशाचा एक टक्का शिल्लक असतो. वनस्पती प्लवकांचे अन्न तयार होण्याची ती साधारण सीमा समजावी. तिच्याखाली पेशी श्वसन करते, पण कमावत नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. खाडीची खोली ५ मीटर आहे. तबकडी ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. म्हणजे प्रकाशाचा थर सुमारे १ मीटरचा. भरतीची ओढ पाण्याला सतत वर-खाली घुसळते, त्यामुळे प्रत्येक पेशी सर्व थरांत सारखाच वेळ घालविते असे धरू. दिवस १२ तासांचा. तर पेशीला प्रकाश मिळतो तो १२ तासांचा पाचवा भाग, म्हणजे २ तास २४ मिनिटे. खर्च मात्र २४ तासांचा. नॉर्वेचे समुद्रशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्द्रुप यांनी १९५३ साली खुल्या समुद्रासाठी जो विचार मांडला, तो हाच : पाणी किती खोलवर घुसळले जाते आणि प्रकाश किती खोलवर पोहोचतो, या दोहोंच्या तुलनेवर प्लवकांचा नफा-तोटा ठरतो.

भांगाच्या दिवसांत ओढ मंदावते, गाळ खाली बसतो. पाण्यातील गाळ निम्मा झाला, तर प्रकाशाचा थर साधारण २ मीटरचा होईल आणि त्याच पेशीला ४ तास ४८ मिनिटे प्रकाश मिळेल. वर्षानुवर्षे तोट्यात असलेली शेती अचानक नफ्यात यावी, तसे होते. उधाण आणि भांग यांचे गणित कोळी बांधवांना जाळे टाकण्यासाठी पाठ असते. प्लवकांचे जीवनही त्याच गणिताने बांधलेले आहे.

दुसरी मर्यादा : पोषकद्रव्ये

शेताला खत लागते तसे प्लवकांना नायट्रोजन, फॉस्फरस आणि डायाटमच्या बाबतीत सिलिकॉन लागतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधले : समुद्रातील प्लवकांच्या देहात या मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण बरेचसे ठरलेले असते. पुढे कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असे अणूंचे प्रमाण रूढ झाले. डायाटमना नायट्रोजनच्या जवळजवळ बरोबरीने सिलिकॉनही लागतो.

या प्रमाणावरून मर्यादाकारक द्रव्य ओळखता येते. समजा, पाण्याच्या एका नमुन्यात नायट्रोजन ६० भाग आणि फॉस्फरस १० भाग आहे. १० भाग फॉस्फरस वापरण्यासाठी १६० भाग नायट्रोजन लागला असता. आहे फक्त ६०. म्हणजे नायट्रोजन आधी संपेल. शहरी सांडपाण्यात फॉस्फरस तुलनेने जास्त असतो, त्यामुळे असे प्रमाण शहरांजवळच्या खाड्यांत अनेकदा आढळते.

परंतु येथेच विद्यार्थी फसतो. प्रमाण इतकेच सांगते, की दोहोंपैकी आधी कोणते संपेल. ते संपण्याची वेळ येणार आहे का, हे प्रमाणावरून कळत नाही. किनारी डायाटमना प्रतिलिटर १-२ मायक्रोमोल इतके नायट्रेट मिळाले, तरी साधारणपणे त्यांची वाढ निम्म्या वेगाने होऊ शकते. मुंबईच्या खाड्यांत नायट्रेट आणि अमोनिया मिळून हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते. डाळ-तांदूळ दोन्ही पोत्यांनी भरलेले आहेत. उणीव आहे ती जळणाची, म्हणजेच प्रकाशाची.

सिलिकॉनची कथा निराळी आहे. तो सांडपाण्यातून फारसा येत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, त्यातून नद्या तो आणतात. पावसाळ्यात त्याची आवक मोठी असते, उन्हाळ्यात जवळजवळ थांबते. सांडपाण्यामुळे नायट्रोजन-फॉस्फरस बारमाही वाढत राहिले आणि सिलिकॉन तेवढाच राहिला, तर डायाटमची बाजू दुबळी होते व ज्यांना सिलिकॉन लागत नाही अशा जातींना वाव मिळतो. त्यांतील काही जाती माशांना अपायकारक असतात. प्रश्न केवळ पीक किती आले याचा नसतो. कोणते पीक आले याचाही असतो.

साठा घटविणाऱ्या मर्यादा : प्रवाह, क्षारता, भक्षक

पेशी दिवसातून एकदा दुभंगत असेल आणि खाडीचे पाणी अर्ध्या दिवसात समुद्राला मिळत असेल, तर साठा होणे अशक्य. गोव्यातील मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखांशी पावसाळ्यात नेमके हेच होते. घाटातून येणारा लोंढा खारे पाणी मागे रेटतो आणि एरवी खारी असणारी खाडी काही महिने जवळजवळ गोडी होते. गोडे पाणी न सोसणाऱ्या जाती हटतात, सोसणाऱ्या तग धरतात. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. या दोन नद्यांचा अभ्यास तिच्या शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केला आहे.

मुंबईच्या खाड्यांचा स्वभाव याच्या उलट आहे. पावसाळा सरला, की त्यांना गोड्या पाण्याचा मोठा स्रोत उरत नाही. ठाण्याच्या खाडीच्या अरुंद टोकाचे पाणी लवकर पालटत नाही. माहीमच्या खाडीभोवती तर माणसाने बांध घातले : १८०५ साली शीव-कुर्ला यांना जोडणारा आणि १८४५ साली माहीम-वांद्रे यांना जोडणारा रस्ता झाला. भराव वाढत गेले, तसा पाण्याचा मोकळा संचार घटला.

राहिले भक्षक. यांचे सर्वांत बोलके उदाहरण दूरदेशीचे आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात १९८६ साली आशियातून, बहुधा जहाजांच्या पाण्यातून, एक लहान शिंपला येऊन पोहोचला. त्याने तळावर इतकी गर्दी केली, की एक-दोन वर्षांत उपसागराच्या उत्तर भागातील उन्हाळी प्लवकांचा बहर नाहीसा झाला. प्रकाश तोच, खत तेच. फक्त खाणारी तोंडे वाढली. आपल्याकडील तिसऱ्या आणि कालवेही याच प्रकारे पाणी गाळून खातात.

वर्षाचे चक्र

वरील सर्व घटक एकत्र ठेवले, म्हणजे मुंबईच्या खाडीचे वर्ष समजू लागते. जून ते सप्टेंबर या काळात पोषकद्रव्ये भरपूर येतात. पण आकाश ढगाळ, पाणी गढूळ आणि प्रवाह जोराचा. अन्न आहे, पण खाता येत नाही, अशी ही स्थिती. ऑक्टोबर उजाडतो, आकाश निवळते, गाळ बसू लागतो, क्षारता परत येते आणि पावसाळ्यात आलेली पोषकद्रव्ये शिल्लक असतात. पावसानंतरचा बहर येतो तो यामुळे. उन्हाळ्यात ऊन कडक आणि पाणी संथ. खाडीच्या आतल्या टोकाला सांडपाणी साचून राहते. तेथे प्लवक दाट होतात, दिवसा प्राणवायू सोडतात. पण रात्री तेच प्राणवायू ओढून घेतात. बहर मरून कुजू लागला, की उरलासुरला प्राणवायूही जिवाणू वापरतात. पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात, ते यामुळे. तापमानाची मर्यादा मात्र आपल्याकडे क्वचितच जाणवते. थंड देशांत ती मोठी असते.

रोहित पक्षी काय सांगतात?

आता शिवडीच्या रोहित पक्ष्यांकडे वळू. १९९० च्या दशकापासून ते येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. यांतील धाकटा रोहित मुख्यत्वे सूक्ष्म शैवालांवर जगतो. चोच उलटी धरून तो चिखलमिश्रित पाणी गाळतो. त्याचा गुलाबी रंगही या अन्नातील रंगद्रव्यांचा असतो.

पाण्यात प्रकाशाची एवढी उणीव असताना इतके शैवाल येते कोठून? उत्तर चिखलावर आहे. ओहोटीला शिवडीचा चिखल उघडा पडतो. त्याच्या पृष्ठभागावर राहणारे डायाटम त्या काही तासांत थेट उन्हात असतात. मध्ये गढूळ पाण्याचा पडदा नसतो. त्यांतील पुष्कळ जाती ओहोटीला चिखलाच्या वर सरकतात आणि भरती येण्याआधी खाली जातात. सांडपाण्याने आणलेली पोषकद्रव्ये चिखलात मुबलक आहेतच. ज्या एका गोष्टीची उणीव होती ती, म्हणजे प्रकाश, येथे मिळाली आणि पीक तरारून आले. रोहित आले ते या पिकासाठी.

म्हणजेच रोहित पक्षी पाणी शुद्ध असल्याची ग्वाही देत नाहीत. खत आणि प्रकाश येथे एकत्र आले आहेत, एवढेच ते सांगतात. आणि खाडी मेलेली नाही, हेही तेच सांगतात. प्रारंभी सांगितलेल्या दोन्ही मतांना मिळणारे उत्तर हे असे आहे.

हे कळून काय करायचे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे पुन्हा एकदा पाहावे लागेल. तेथेही शहरांच्या सांडपाण्यातून नायट्रोजन भरपूर येत होता. तरी मोठे घातक बहर क्वचितच येत. गढूळपणा, भरतीचा जोर आणि भक्षक त्यांना अडवीत होते. जेम्स क्लोर्न या शास्त्रज्ञाने १९८७ साली गढूळपणाचे हे नियंत्रण स्पष्ट करून दाखविले. खत आहे, पण बहर नाही, म्हणून सारे निश्चिंत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र हेटेरोसिग्मा आकाशिवो या शैवालाचा प्रचंड बहर आला आणि असंख्य मासे मेले. तेथील खताचा साठा अनेक वर्षे केवळ ठिणगीची वाट पाहत होता.

आपल्या खाड्यांची जातकुळी तीच आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणच्या नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि आतापर्यंतचे विवेचन ध्यानी घेऊन एक प्रश्न विचारणे नागरिकांचे कर्तव्य ठरते. नेहमीच्या प्रक्रियेने सेंद्रिय मळ आणि तरंगते कण पुष्कळ कमी होतात; नायट्रोजन आणि फॉस्फरस काढण्यासाठी मात्र विशेष योजना लागते. कण कमी झाले आणि खत तसेच राहिले, तर पाणी निवळेल, प्रकाश आत जाईल आणि आजवर अडलेली वाढ मोकळी सुटेल. म्हणून केंद्रातून बाहेर पडणारे पाणी दिसायला स्वच्छ आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. त्यात नायट्रोजन किती आणि फॉस्फरस किती, हे विचारले पाहिजे. याच कारणासाठी तिवरे राखली पाहिजेत. त्यांच्या चिखलातील प्राणवायूविरहित थरांत काही जिवाणू नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन वायूत करतात. तिवर तोडून भराव घालणे म्हणजे विनामूल्य चालणारे एक प्रक्रिया केंद्र बंद पाडणे होय.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्यावी. तिचे चार समान भाग करून आळीपाळीने काळा व पांढरा रंग द्यावा. मध्यभागी दोरी ओवून खाली वजन बांधावे. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. धक्क्यावरून, शिक्षकांच्या उपस्थितीत, तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली नोंदवावी. पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या अष्टमीला, भरतीच्या एकाच टप्प्यावर, हे मोजमाप घ्यावे व दोन्ही आकड्यांची तुलना करावी.

दुसरा प्रयोग. एकाच वेळी भरलेले खाडीचे पाणी दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्यांत घ्यावे. पहिली बाटली जशीच्या तशी, दुसरीत युरियाचा एकच दाणा, तिसरी काळ्या कापडात गुंडाळलेली. प्रत्येक प्रकारच्या तीन बाटल्या असाव्यात, म्हणजे योगायोगाला निष्कर्ष समजण्याची चूक होणार नाही. बुचे सैल ठेवून सर्व बाटल्या खिडकीत ठेवाव्यात आणि आठ दिवस रोज रंग पाहावा. गाळ तळाला बसल्यावर पहिली बाटली दुसरीइतक्याच वेगाने हिरवी झाली, तर नायट्रोजनची उणीव नव्हती, प्रकाशाची होती, असे समजावे. दुसरी स्पष्टपणे पुढे गेली, तर नायट्रोजन कमी होता. तिसरीत काय होईल, याचा अंदाज आधी लिहून ठेवावा. पाणी दूषित असते. हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि चिखलात उतरू नये.

समारोप

कारणे जुळली की गोष्ट घडते आणि एक कारण काढून घेतले की ती थांबते, हा विचार आपल्या शाळेत लहानपणापासून कानांवर पडतो. मर्यादाकारक घटकाचा नियम त्या विचारात एका व्यावहारिक प्रश्नाची भर घालतो : नेमकी उणीव कशाची आहे? एका खोलीत सात-आठ माणसे राहतात अशा घरातील मुलाला बुद्धी कमी नसते, जिद्द कमी नसते, आईबापांचे कष्टही कमी नसतात. कमी असते ती दिव्याखालची शांत जागा. ज्यांनी निवासी शाळा काढल्या त्यांनी हीच उणीव ओळखली होती. या स्मरणिकेचे अनेक वाचक त्या जागेवर बसून शिकले आणि आज महानगरपालिकेत, कारखान्यांत, रुग्णालयांत, शाळांत काम करीत आहेत. त्यांनी आपल्या मुलांना एखाद्या अष्टमीला शिवडीच्या धक्क्यावर न्यावे, ती काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडू द्यावी आणि ती किती गाठींवर दिसेनाशी झाली ते वहीत लिहून घ्यावे. प्रक्रिया केंद्राच्या अधिकाऱ्याला नायट्रोजनचा आकडा विचारण्याची पात्रता अशा वह्यांतूनच येईल.